सरळ बोट, वाकडं बोट

जपानी माणसाला इंग्रजी येत नाही असं म्हणणाऱ्याला जपानी माणूस भेटलेला नसतो. येतं. चांगलं येतं. आपल्याकडे शोकेसमध्ये लग्नात आलेला काचेच्या कपांचा सेट असतो ना, तसं ते असतं. पुसून ठेवलेलं, एकाही कपाचा टवका न उडालेलं. फक्त पाहुणे आले तरी तो सेट बाहेर काढायचा नाही, कारण फुटला तर? मग आपण पाहुण्यांना स्टीलच्या पेल्यात चहा देतो आणि जपानी माणूस हसून मान हलवतो.

तो सेट बाहेर काढायला लावणं हा माझा अबू धाबीतला व्यवसाय होता. बरीच वर्षं केला. आता अल रीम आयलंडवर लेकाच्या घरी, ढगांच्या शेजारी म्हणावं इतक्या उंचावर राहते. नातीला पोळीचा लाडू करून द्यायचा आणि ती "आजी, टू मच तूप" म्हणाली की ऐकू न आल्याचं सोंग करायचं, एवढीच नोकरी उरली आहे. पेन्शन बरी आहे.

मी मूळची सांगलीची. तिथल्या शाळेत इंग्रजी शिकवत होते, लग्नानंतर इथल्या शाळेत शिकवलं, आणि पन्नाशीच्या जरा अलीकडे एका छोट्या इन्स्टिट्यूटनं विचारलं, जपानी कंपन्यांतल्या लोकांना इंग्रजी बोलायला शिकवाल का? पगाराचे दिरहम मी मनातल्या मनात रुपयांत केले आणि नाही म्हणायचं राहूनच गेलं. हे लोक तीन-चार वर्षांसाठी इथे येतात. त्यांनी शाळा-कॉलेजात इतकं इंग्रजी केलेलं असतं, की व्याकरणाच्या परीक्षेला बसवलं तर माझ्यापुढे जातील. पण टॅक्सीवाल्याला "इथे थांबा" म्हणायची वेळ आली की दोन चौक पुढे जाऊन उतरतात.

तेव्हाची मी म्हणजे एक प्रकरणच होतं. (पन्नाशीची बाई तरुण कशी, असं विचारू नका. माझ्या आत्ताच्या वयावरून बघा.) खळ घातलेली कॉटनची साडी, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला, रेडिओवरच्या इंग्रजी बातम्या ऐकून ऐकून घासूनपुसून चकचकीत केलेले उच्चार, आणि हातात लाल पेन. बोलण्याच्या वर्गात लाल पेन कशाला, हा प्रश्न मला कुणी विचारला नाही आणि मलाही पडला नाही. शाळेतली सवय. विद्यार्थी चुकला की ते आपोआप वर जायचं, सिग्नलसारखं. आता, सिग्नल लाल झाला की जपानी माणूस थांबतो. दोन्ही बाजूंनी रस्ता मोकळा असला तरी थांबतो, आणि हिरवा होईपर्यंत हलत नाही.

माझ्याकडे हिरवं पेन नव्हतं.

शिवाय माझा एक मंत्र होता: "फुल सेन्टेन्स, प्लीज." अर्धवट वाक्य मी घेतच नसे. भाजीवाल्यानं नासका टोमॅटो पिशवीत सरकवल्यासारखं तोंड करायचे. या थाटात मी एका जपानी कंपनीच्या ऑफिसात आठवड्यातून दोन संध्याकाळी जाऊ लागले.

ही कंपनी मुसफ्फाच्या औद्योगिक वसाहतीत लोखंडाची मोठमोठी कामं करायची. तेलाच्या कंपन्यांना समुद्रात उभे करायला लागतात ते सांगाडे. माझ्या वर्गात पाच जण. त्यांचे साहेब ओगाता-सान, आणि हाताखालचे चौघे. सान म्हणजे आपलं राव. त्यामुळे मनातल्या मनात मी त्यांना ओगाताराव म्हणे, आणि इथेही तसंच म्हणणार आहे. साठीकडे झुकलेले, चौकोनी बांध्याचे, राखाडी केसांचे गृहस्थ. अख्खं यार्ड त्यांच्या ताब्यात होतं, पण वर्गात त्यांचा आवाज एसीच्या घरघरीखाली जायचा. चौघांतला सगळ्यात तरुण निशिनो. कामावर तो साहेबांचा दुभाष्या होता. वर्गात मात्र त्याचंही इंग्रजी यथातथाच, त्यामुळे याला दुभाष्या कुणी केलं, हे मला कोडं होतं.

दर आठवड्याला मी विचारायचे, शुक्रवारच्या सुटीत काय केलंत? आधी ओगाताराव. ते डोळे मिटायचे. आत वाक्य बांधायचं काम सुरू झालेलं दिसायचं. कर्ता उभा केला, क्रियापद बसवलं, काळ आवळला, भोवती फिरून तपासलं, काहीतरी ढिलं वाटलं, पुन्हा सगळं उतरवलं. शेवटी अगदी हळू आवाजात यायचं, "आय... स्लीप."

पेन वर. "स्लेप्ट. आय स्लेप्ट."

मग दुसरा. "आय ऑल्सो स्लेप्ट." तिसरा झोपला, चौथा झोपला, निशिनोही झोपला. सगळा विभाग शुक्रवारी झोपला. पुढच्या शुक्रवारीही झोपला.

मी घरी येऊन यांना सांगायचे, "अहो, पाचही जण ढ आहेत."

आमचे हे अकाउंट्सवाले, शांत माणूस. "मग जपान कसं चालतं?"

"मागे राहिलेले हुशार असतील."

एकदा ओगातारावांना ताप आला. वर्गात चौघेच. त्यांची खुर्ची टेबलाखाली नीट सरकवून ठेवलेली. मी सवयीनं विचारलं, शुक्रवारी काय केलंत? आणि निशिनो सुरू झाला. तो अजमानला मासळी बाजारात गेला होता. इतका ताजा मासा मिळाला की घरी येऊन तो कच्चाच कापून खायला बसला. शेजारचा केरळी माणूस साखर मागायला आला, त्यानं ते बघितलं, साखर न घेता परत गेला आणि थोड्या वेळानं बायकोनं केलेली माशाची आमटी घेऊन आला, बिचाऱ्याकडे गॅस संपलाय असं समजून. हे सगळं इंग्रजीत, हातवारे करून, न थांबता. चुका होत्या. पेन उचलायला मला फट सापडेना. दुसऱ्याची गाडी वाळूत रुतली होती. ती एका पठाणानं कशी काढली, मग त्यानं चहा कसा पाजला, हे सांगताना तिसरा त्याला मध्येच तोडून "नो, नो, यू क्राइड" म्हणाला आणि चौघेही हसले.

मी पेन खाली ठेवलं. "मागच्या आठवड्यात तर तुम्ही सगळे झोपला होतात."

हसू थांबलं. निशिनोनं त्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. "ओगाता-सान स्लीप," तो म्हणाला. "सो, वी स्लीप."

मला समजायला अख्खी संध्याकाळ लागली. साहेबांसमोर साहेबांपेक्षा चांगलं बोलायचं नाही. बोललं तर साहेबांना आपण उघडं पाडलं असं होतं. साहेब जेवढं बोलतील त्याच्या एक पायरी खाली थांबायचं. आपल्याकडेही सासऱ्यांच्या आधी कुणी पानावर बसत नसे. पण सासऱ्यांना भूक नाही म्हणून सगळं घर उपाशी झोपलं, असं मी तरी ऐकलं नव्हतं.

म्हणजे वर्ग वर न्यायचा तर एकच वाट होती. ओगातारावांना बोलतं करायचं.

ते मी सावकाश केलं असतं. पण तेवढ्यात इन्स्टिट्यूटच्या मॅनेजरांनी बोलावून घेतलं. ज्या मोठ्या कंपनीसाठी हे सांगाडे बनत होते, तिनं नवा नियम केला होता. यार्डाची जबाबदारी ज्याच्याकडे, त्यानं रोज सकाळी कामगारांना सुरक्षेबद्दल स्वतः सांगायचं, इंग्रजीत, दुभाष्या न घेता. ईदची सुटी झाली की त्यांचा अधिकारी बघायला येणार. जमलं नाही तर ओगाताराव परत जपानला, त्यांच्या जागी दुसरा.

निशिनोला मी विचारलं, परत गेले तर काय होईल? निवृत्तीला दोन वर्षं तर राहिलीत.

"दे विल गिव्ह हिम विंडो," तो म्हणाला.

"खिडकी? छानच की."

"नो, सेन्सेई." सेन्सेई म्हणजे गुरुजी, मला ते तसंच म्हणत. "टेबल निअर विंडो. नो वर्क. ओन्ली विंडो."

ज्या माणसाला आता काढायचं नाही पण कामही द्यायचं नाही, त्याला तिकडे खिडकीपाशी बसवतात म्हणे. घरी जाताना मला तो चौकोनी माणूस एका स्वच्छ काचेसमोर हात मांडीवर ठेवून बसलेला दिसत राहिला.

दुसऱ्या आठवड्यात मी कंपनीच्या बसनं सकाळी मुसफ्फाला गेले. हा माणूस कामावर कसा असतो ते एकदा बघावं म्हणून. खळ घातलेल्या साडीवर हेल्मेट चढवून उभी होते. आरशात बघायची सोय नव्हती हे बरं. तिथले फोरमन इक्बालभाई, दाढीला मेंदी लावलेले. माझा अवतार बघून त्यांनी थेट मराठीतच विचारलं, "ताई, तुमी कुठल्या?"

"सांगलीची."

"म्हंजे ऊस."

"तुम्ही?"

"आमी श्रीवर्धनचे. सुपारी." ओळख झाली. ते माझ्याकडे जरा वाकले. "सायबाला शिकवताव तुमी? मंग एक सांगा मला. सायब जपानीत बोलतो दोन मिन्टं. हा निशिनो त्याचं इंग्लिश करतो, 'बी केअरफुल'. मी त्याचं हिंदी करतो, 'संभल के'. मधलं सगलं जातं कुठं?"

मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, समुद्रात जात असेल.

तेवढ्यात ते भाषण झालं, अगदी इक्बालभाईंनी सांगितलं तसंच. मग मात्र मी कधी न पाहिलेलं पाहिलं. ओगाताराव चौथऱ्यावरून उतरले, क्रेनच्या आकड्यासमोर उभे राहिले, उजवा हात खांद्यातून सरळ पुढे केला, तर्जनी आकड्यावर रोखली आणि ओरडले, "हुक, योशी!" योशी म्हणजे ठीक. आवाज असा की पलीकडच्या वर्कशॉपातले लोक वळून बघतील. साखळीवर बोट: योशी. शिडीवर बोट: योशी. तोच माणूस, जो माझ्या वर्गात एसीच्या खाली बोलायचा.

मग त्यांनी हात वर केला आणि शेकडो कामगार दोघा-दोघांत समोरासमोर वळले. बिहारचे, तेलंगणाचे, पेशावरचे, श्रीवर्धनचे. एकमेकांच्या हेल्मेटवर बोट, योशी. पट्ट्यावर बोट, योशी. शेवटी समोरच्याच्या चेहऱ्यावर बोट. चेहराही तपासायचा. डोळे लाल नाहीत ना, रंग उतरला नाही ना. योशी.

"नुसत्या डोळ्यांनी बघितलं की डोळे खोटं बोलतात," निशिनोनं समजावलं. "बोट दाखवायचं, तोंडानं बोलायचं, कानानं ऐकायचं. मग सगळे मिळून खोटं बोलू शकत नाहीत. जपानमध्ये आगगाडीचे ड्रायव्हरही असंच करतात."

इक्बालभाई म्हणाले, "पोरं सायबाला योशीसाब म्हणतात. पहिल्यांदा हसायची. आता मी बायकोशी फोनवर बोलताना पन योशी बोलतो."

परतताना बसमध्ये मी खूश होते. युक्ती सापडली होती. पुढच्या वर्गात मी फळ्याकडे पाठ करून उभी राहिले आणि म्हटलं, आज बोट दाखवून बोलायचं. मी आधी. "विंडो, गुड." खिडकीकडे बोट. "डोअर, गुड." दाराकडे बोट.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. माझं बोट वाकडं होतं. आमच्या परसात दुधीचा वेल असे, आणि वेलावरच्या कोवळ्या फळाकडे सरळ बोट दाखवलं तर ते कुजतं, अशी आईची पक्की समजूत. दाखवायचंच असेल तर बोट पेरातून दुमडून दाखवायचं. चुकून सरळ दाखवलं तर पाठीत धपाटा. त्या धपाट्यांनी ते बोट असं वळलं की पुढे बसथांबा दाखवायचा असो की विमान, मी दुमडूनच दाखवते. मला त्याचं भानही नव्हतं.

चौघांनी लगेच बोटं दुमडली. सेन्सेईंची पद्धत असेल. चार हुशार माणसं आकडा वळवून खिडकीकडे रोखून बसली. ओगाताराव बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर वेदना दिसायला लागल्या. आपल्या स्वयंपाकघरात परक्या बाईनं कढईत उलथनं उलटं घातलेलं बघताना होतात तशा. आणि मग डोळे न मिटता, काही न बांधता, न तपासता, यार्डातल्या आवाजात ते कडाडले:

"सेन्सेई! फिंगर! स्ट्रेट!"

ओगाताराव स्वतःच इतके घाबरले की उभे राहून कमरेत वाकले. आणि मी? माझ्या तोंडात "फुल सेन्टेन्स, प्लीज" येऊन बसलं होतं. अगदी दातांपर्यंत. ते मी गिळलं. एवढ्या वर्षांच्या शिकवण्यात मी केलेलं सगळ्यात शहाणपणाचं काम कोणतं असेल, तर ते गिळणं.

बोट सरळ केलं. "लाइक धिस?"

त्यांनी मान वर केली. बघितलं. "गुड," ते म्हणाले.

मला जे दोन वर्षांत कळलं नव्हतं ते त्या मिनिटात कळलं. या माणसाला शुक्रवारी काय केलं ते सांगायचंच नव्हतं. त्यात त्याला काही सांगण्यासारखं वाटत नव्हतं. पण समोर काही वाकडं असलं की त्याला गप्प बसवत नाही. म्हणजे मला फक्त वाकडं वागायचं होतं, आणि ते मला, माझ्या सासूबाईंच्या मते, जन्मतःच येत होतं.

त्यानंतरच्या आठवड्यांत मी आयुष्यातली सगळ्यात वाईट शिक्षिका झाले. भिंतीवरचं घड्याळ उलटं टांगून ठेवलं. ("क्लॉक. नो गुड. व्हाय?") खडू म्हणून मेणबत्ती आणली. एकदा एका पायात कोल्हापुरी आणि एका पायात यांची बाटाची सॅंडल घालून गेले. लिफ्टमधल्या शेजारणीनं माझ्या पायांकडे बघून माझा हात दाबला. घरात काही वाईट घडलं असावं अशी तिची समजूत झाली. वर्गात मात्र ओगातारावांनी बोट रोखलं, "सेन्सेई, शूज, नॉट सेम," आणि साहेब बोलले म्हटल्यावर चौघांना रान मोकळं झालं. निशिनो म्हणाला, "सेन्सेई, युवर लेफ्ट फूट इज फ्रॉम अनदर कंट्री." इतके दिवस मी त्यांच्या चुका शोधत होते. आता ते माझ्या शोधत होते, आणि पाचही जणांना तोंड फुटलं.

लाल पेन मी घरी ठेवायला लागले. यांनी ते वाणसामानाच्या यादीला घेतलं.

एके दिवशी ओगातारावांनी मला प्रश्न विचारला. पहिलाच. आपलं बोट दुमडून दाखवलं आणि म्हणाले, "व्हाय?"

मी दुधीचा वेल सांगितला. कोवळं फळ, सरळ बोट लागलं तर त्याला सोसत नाही, म्हणून दुमडायचं. मी हसतहसतच सांगितलं. ते हसले नाहीत. बोटाकडे बघत म्हणाले, "स्मॉल वन. बेंड." आणि डोकं हलवलं. जणू काही सुरक्षेच्या नियमांत त्यांनी तेवढी ओळ घालून घेतली.

एवढं सगळं झालं तरी एक अडचण होतीच. ते तुकडे-तुकडे बोलणं त्यांना वर्गापुरतं चालत होतं. शेकडो माणसांसमोर, बाहेरच्या अधिकाऱ्यासमोर असं तुटक बोलायचं म्हणजे त्या माणसांचा अपमान, असं त्यांचं ठाम मत. मी किती समजावलं. पण पूर्ण वाक्याचा आग्रह कुणी धरला होता इतके दिवस? आता कोणत्या तोंडानं सांगणार? त्यांनी निशिनोकडून एक भाषण लिहून घेतलं आणि पाठ केलं. सुरुवात होती, "गुड मॉर्निंग, जंटलमेन. इट इज माय ग्रेट ऑनर." मी म्हटलं, इन्शाल्ला.

ईद झाली. तो दिवस आला. मीही गेले. मॅनेजर नको म्हणत होते तरी गेले. अधिकारी म्हणून आली ती एक तरुण इमिराती, म्हणजे इथलीच मुलगी, पायघोळ काळ्या अबायाखाली सेफ्टी शूज, डोक्यावर पांढरं हेल्मेट, चेहऱ्यावर काही नाही. सकाळीच लोखंड तापायला लागलं होतं. ओगाताराव चौथऱ्यावर चढले. हात पँटच्या शिवणीला चिकटवले.

"गुड मॉर्निंग, जंटलमेन. इट इज माय..."

आणि थांबले.

डोळे मिटले. आत वाक्य उतरवून पुन्हा बांधायचं काम सुरू झालं, हे मला एकटीला तिथून दिसत होतं. मुसफ्फात शांतता कधी नसते, कुठेतरी ग्राइंडर चालूच असतो, पण त्या दिवशी तोही थांबल्यासारखा वाटला. निशिनोचे ओठ हलत होते, पण त्याला बोलायची परवानगी नव्हती. माझ्या शेजारी इक्बालभाई पुटपुटले, "ताई, गाडी बंद पडली." अधिकारी मुलीनं मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं. मला खिडकी दिसली. स्वच्छ काच आणि तिच्यासमोर खुर्ची.

ओगातारावांनी डोळे उघडले. शब्द शोधायला ते समोरच्या माणसांवरून नजर फिरवत होते, आणि तिसऱ्या रांगेत ती अडकली. हात खांद्यातून वर आला, सरळ.

"यू. ब्लू टॉवेल. फेस, नो गुड!"

गळ्यात निळा पंचा असलेला एक वेल्डर होता. तो दचकला. "नो प्रॉब्लेम, सर."

"प्रॉब्लेम! फेस, नो गुड. सिट. नाऊ. इक्बाल-सान, वॉटर. शेड. यल्ला!"

हे यल्ला, म्हणजे चला लवकर, मी शिकवलेलं नव्हतं. इक्बालभाई धावले. तो वेल्डर खाली बसायला म्हणून वाकला आणि वाकल्या वाकल्या कलंडलाच. दोघांनी त्याला उचलून सावलीत नेलं. आदल्या दिवसापासून पोट बिघडलेलं, पाणी ठरत नव्हतं, आणि कुणाला कळू नये म्हणून तो पहिल्या रांगेतून मागे तिसऱ्या रांगेत येऊन उभा राहिला होता. दुपारी वरच्या फळीवर चढायची पाळी त्याची होती.

ओगातारावांचं बोट अजून हवेतच होतं. ते खाली घ्यायचं त्यांना सुचलं नाही, आणि ते वर असेपर्यंत तोंड बंद होईना. "एव्हरीबडी, लुक नेक्स्ट मॅन. हेल्मेट?"

"योशी!" सगळं यार्ड.

"बेल्ट?"

"योशी!"

"फेस? लुक गुड. नॉट फास्ट. फेस?"

यावेळी जरा उशिरानं, खरंच बघून, "योशी."

मग क्रेनकडे बोट. आज उचलायचं वजन मोठं आहे. खाली कुणी नाही. कुणीच नाही. मीसुद्धा नाही. ऊन वाढलं की पाणी, तहान नसली तरी पाणी. चेहरा लपवायचा नाही. लपवला तर मी रागावेन. बरं नसेल तर सांगायचं, सांगितलं तर रागावणार नाही. एकही वाक्य धड नव्हतं आणि एकही माणूस इकडे-तिकडे बघत नव्हता. इक्बालभाईंनी हिंदी करायला तोंड उघडलं आणि गरज नाही असं बघून मिटलं.

संपल्यावर अधिकारी मुलगी त्यांच्यापाशी गेली. मी कान देऊन उभी. तिनं विचारलं, तुम्ही तुमचं भाषण मध्येच का सोडलंत?

निशिनो पुढे झाला. ओगातारावांनी हातानं त्याला थांबवलं.

"स्पीच, लेटर ओके," ते म्हणाले. "मॅन, लेटर नॉट ओके."

तिनं सावलीत नेलेल्या त्या वेल्डरकडे एकदा बघितलं. मग म्हणाली, रोज असंच बोला. आणि जाता जाता, पहिल्यांदाच किंचित हसून, "ते जंटलमेन तेवढं गाळा."

ओगाताराव राहिले. उरलेली वर्षं पुरी करूनच गेले. त्या आठवड्यात वर्गात मी मुद्दाम विचारलं, शुक्रवारी काय केलंत? चौघेही साहेबांकडे बघत होते. साहेब म्हणाले, "फ्रायडे. अजमान. फिश. निशिनो ड्राइव्ह. व्हेरी, व्हेरी बॅड ड्रायव्हर." आणि मग जो गोंगाट झाला, तो ऐकून शेजारच्या ऑफिसातल्या माणसानं दार वाजवलं.

पुढे इन्स्टिट्यूटनं मला ही पद्धत बाकीच्या शिक्षकांना शिकवायला सांगितली. मी शिकवली. सगळ्यांना पटली. पण दोन पायांत दोन चपला घालून यायला कुणी तयार होईना. आपण चुकायचं आणि ते विद्यार्थ्याला दाखवू द्यायचं, हे शिक्षकाला फार जड जातं. मला स्वतःला एका दुधीच्या वेलामुळे जमलं, त्यात माझं कर्तृत्व काही नाही. आता तर नवे विद्यार्थी फोनशी बोलून इंग्रजी शिकतात. फोन चांगला शिकवतो म्हणे. चुकत नाही, रागावत नाही. त्याच्या दोन्ही चपला सारख्याच असणार. मला हळहळ वाटते ती ओगातारावांच्या आधी माझ्या हातून गेलेल्या शांत, हसऱ्या, मान हलवणाऱ्या माणसांची. त्यांना माझ्यात काय काय वाकडं दिसलं असेल, आणि मी एकदाही विचारलं नाही.

ओगाताराव परत जायच्या आधी घरी आले होते, निशिनोला घेऊन. आमची नात तेव्हा जेमतेम महिन्याची. तिला ही गोष्ट मी परवा सांगितली तर म्हणाली, "सो ही चेक्ड मी लाइक अ हेल्मेट?" हो, म्हटलं, तसंच.

ओगातारावांनी आधी कोपरापर्यंत हात धुतले. मग पाळण्याच्या खोलीच्या दारात उभे राहिले, पाय जुळवून. सूनबाई जरा घाबरलीच होती. हात खांद्यातून वर आला. खिडकीवर बोट: "लॉक. गुड." पाळण्याच्या दोरीवर बोट: "रोप. गुड." मग एसीवर: "एसी. डायरेक्ट. नो गुड." माझ्या लेकानं निमूटपणे पाळणा भिंतीकडे सरकवला. "गुड."

मग ते पाळण्यापाशी गेले. नात जागी होती, त्यांच्याकडे बघत होती. बोट वर गेलं, सरळ, तिच्या चेहऱ्याकडे निघालं, आणि अर्ध्या वाटेत थांबलं. ओगातारावांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मग ते बोट हळूच पेरातून दुमडलं.

"फेस," ते म्हणाले. पूर्वी वर्गात बोलायचे तसे, एसीच्या घरघरीखाली जाईल इतक्या हळू. "गुड."